न मागणाऱ्याचे देणे

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. कचेरीत अर्ज अडला, पगारवाढ राहिली, गावचा रस्ता झाला नाही, की कोणीतरी ही म्हण ऐकवतो आणि ऐकणारा मान डोलावतो. म्हणीत आईवर थोडा अन्याय आहे. परंतु तिच्यातले व्यवहारज्ञान खोटे नाही. आपले सार्वजनिक जीवन बऱ्याच अंशी याच तत्त्वावर उभे आहे. ज्याला गरज आहे त्याने ती बोलून दाखवावी, निवेदन द्यावे, मोर्चा काढावा, न्यायालयाचे दार ठोठवावे. मग ज्याचे त्याला देणारी यंत्रणा हलू लागते. हक्क या कल्पनेच्या पोटातही हे गृहीत दडलेले असते, की हक्क सांगणारा कोणीतरी आहे आणि त्याला वाचा आहे.

या गृहीताला तडा जातो तो एका वैद्यकीय सत्यापाशी. वेळेवर खायला न मिळालेले मूल रडते, हट्ट करते, घर डोक्यावर घेते. परंतु अपुरे अन्न आणि वारंवार येणारी आजारपणे यांचा फेरा महिनोन्महिने चालून वर्षा-दीड वर्षाचे मूल अतितीव्र कुपोषणाच्या अवस्थेला पोचले, की ते शांत होऊ लागते. ते खेळत नाही, खेळण्याकडे पाहतही नाही. रडलेच तर त्या रडण्यात जोर नसतो. शरीर उरलीसुरली शक्ती राखण्यासाठी आपला एकेक व्यवहार आवरता घेते आणि या आवराआवरीत पुष्कळदा भूकही जाते. अशा मुलांवरील आजच्या उपचारपद्धतीत एक साधी परीक्षा आहे. मुलाला शेंगदाणे, दूधभुकटी, तेल आणि साखर यांची पौष्टिक पेस्ट देऊन पाहतात. त्याने ती खाल्ली आणि अन्य काही गुंतागुंत नसली, तर त्याच्यावर घरी ठेवून उपचार करता येतात. त्याने तोंड फिरवले, तर त्याला रुग्णालयात हलवावे लागते. भूक लागणे ही येथे बरे होण्याच्या शक्यतेची खूण ठरते. ज्याला अन्नाची सर्वांत अधिक निकड आहे, तोच ते मागेनासा झालेला असतो.

आपली म्हण नेमकी येथे निकामी होते. जो रडतो त्याला द्यावे, हे सूत्र मोठ्यांच्या जगात कसेबसे चालते; परंतु जो रडण्याच्याही पलीकडे गेला आहे, त्याचे आपण काय देणे लागतो? आणि ते देणे कोणत्या प्रकारचे असते? दया, हक्क की आणखी काही?

हा प्रश्न मला चेन्नईत सुचला, यात आश्चर्य नाही. या शहराच्या पोटातून बकिंगहॅम कालवा वाहतो. वाहतो म्हणणे धाडसाचे आहे. काळ्या, संथ पाण्याचा तो एक पट्टा आहे आणि शहरातली उन्नत रेल्वे बराच काळ त्याच्या कडेने, काही ठिकाणी तर त्याच्या डोक्यावरूनच धावते. गाडीत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की अड्यार आणि कूवम या दोन नद्यांना जोडणारा त्याचा तुकडा १८७७-७८ साली दुष्काळी काम म्हणून खणला गेला. मद्रास इलाख्यात त्या वर्षांत लक्षावधी माणसे मेली. त्याच दुष्काळाने आपल्याकडे दख्खनही होरपळून काढले. तेव्हा दुष्काळाच्या पाहणीसाठी नेमलेले आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असा हिशेब मांडला होता. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस टिकणार नाही, असा आक्षेप घेतला आणि वाद बराच काळ चालला. मुंबई इलाख्यातले मजूर तर या अपुऱ्या मजुरीवर कामे टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लेखी मांडली.

या वादात कोण बरोबर होते हे आता सांगण्याची गरज नाही. मला त्यातली एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळच्या मदतीचे तत्त्व कसोटीचे होते. ज्याची गरज खरी आहे तो घरापासून दूर जाऊन दगड फोडील, माती उपसेल. जो तसे करणार नाही त्याची गरज खोटी. भुकेने आपली साक्ष स्वतःच्या पायांनी चालत येऊन द्यायची होती. मजूर ती देऊ शकत होता, चिडून काम सोडूही शकत होता. दोन वर्षांच्या मुलाला यांपैकी काहीच शक्य नव्हते. त्याच काळात विलोबी वॉलेस हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासच्या दुष्काळपीडितांची छायाचित्रे काढली. हाडांचे सापळे झालेली माणसे, त्यांच्या पुढ्यात बसवलेली मुले, सारी कॅमेऱ्यापुढे नीट मांडलेली. ती छायाचित्रे आजही पाहावत नाहीत आणि पाहताना एकच प्रश्न पडतो : चित्र काढून झाल्यावर या मुलांचे काय झाले? पाहणे आणि देणे यांच्यात केवढे अंतर राहू शकते, याचा तो पुरावा आहे.

याच दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी बालाश्रम उघडला आणि तेथे दुष्काळग्रस्त मुलांना जेवण देण्याची व्यवस्था केली. तेथे मुलाकडून कोणतेही काम अपेक्षित नव्हते. मूल असणे हीच त्याची पात्रता होती. हे साधे वाटते. परंतु टेंपल यांच्या कसोटीशेजारी ठेवून पाहिले, तर त्यात एक निराळा नैतिक विचार आहे हे ध्यानात येते.

न मागता देण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. चेन्नईहून दक्षिणेला गेले, की तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखात रामेश्वरच्या वाटेवर त्यांनी बांधलेली अन्नछत्रे अजून दिसतात. सरफोजीराजांच्या काळात १८०२ साली ओरत्तनाडू येथे उभे राहिलेले मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आहे. तेथे सर्व जातींच्या प्रवाशांना अन्न मिळे, परमुलखातल्या अनाथ मुलांना सांभाळून शिकवले जाई आणि मध्यरात्री घंटा वाजवून, अजून कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे, अशी हाक घातली जाई. मला या घंटेचे फार अप्रूप वाटते. मागणाऱ्याची वाट न पाहता देणाऱ्याने हाक द्यावी, ही त्या संस्कृतीची उंची होती. आणि तरीही तिची मर्यादा त्या घंटेच्या आवाजाइतकीच होती. जो ऐकू शकेल, उठू शकेल आणि दारापर्यंत येऊ शकेल, त्याच्यासाठी ते अन्न होते. झोपडीच्या कोपऱ्यात निपचित पडलेल्या मुलापर्यंत घंटा पोचत असेलही. ते मूल घंटेपर्यंत पोचत नव्हते.

आधुनिक तत्त्वचिंतनाने हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने मांडला. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते, त्या १९७१ सालच्या संहाराच्या पार्श्वभूमीवर पीटर सिंगर यांनी लिहिलेला निबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. उथळ तळ्यात मूल बुडताना दिसले, तर आपले कपडे चिखलाने भरतील म्हणून कोणी थांबेल का, असे त्यांनी विचारले. आणि नाही, तर दूरच्या देशातल्या भुकेल्या मुलाला मदत न करण्याचे समर्थन कसे होईल? युक्तिवाद भेदक आहे. परंतु तळ्यातले मूल आपल्याला दिसते, हातपाय मारते, आणि काही क्षणांत सारे संपणार असते. कुपोषणात यांतले काहीच नसते. मूल महिनोन्महिने बुडत असते, पाण्यावर तरंग उठत नाही आणि काठावर उभ्या असलेल्या आईलाही ते पुष्कळदा कळत नाही. कारण वस्तीतली सगळीच मुले तेवढीच लहान आणि तेवढीच बारीक असतात. येथे पहिले कर्तव्य उडी मारण्याचे नसून, कोणी बुडत आहे का हे शोधत राहण्याचे आहे.

चेन्नईचे स्मरण पुन्हा करावेसे वाटते ते यासाठी. सर पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, १९२० साली मद्रास नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव केला. पुढे ती योजना शासनाच्या आक्षेपामुळे खंडित झाली. १९५६ साली मुख्यमंत्री कामराज यांनी राज्यातल्या शाळांत दुपारचे जेवण सुरू केले. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी ते शाळेबाहेरच्या, दोन वर्षांवरच्या मुलांपर्यंत नेले. त्या वेळी अनेक जाणकारांनी ही उधळपट्टी आहे, मतांसाठी वाटलेला भात आहे, अशी टीका केली. रामचंद्रन यांनी स्वतः मात्र या योजनेचे मूळ आपल्या बालपणात असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. फक्त रडणेच ठाऊक असलेल्या वयात ते आणि त्यांचे कुटुंब उपाशी होते, आणि शेजारच्या एका बाईने दिलेल्या पेजेने ते वाचले.

मग हेतू कोणता खरा, मतांचा की पेजेचा? नीतिशास्त्रातला हा जुना वाद आहे. कर्माचे मोल हेतूवर ठरते असे मानले, तर या योजनेचे मोल ठरवणे अवघड होते. माणसाच्या मनात, विशेषतः राज्यकर्त्याच्या मनात, हेतू एकटे राहत नाहीत. मुलाच्या शरीराला मात्र भाताच्या घासामागचा हेतू कळत नाही. मला अधिक मोलाचे वाटते ते त्या गोष्टीतले स्थित्यंतर. शेजारीण चांगली होती म्हणून एक मूल वाचले. शेजारीण चांगली नसती, किंवा तिच्याच घरात पेज नसती, तर? एका माणसाच्या दयेवर जे वाचले, ते दयेच्या अभावी दगावले असते. दयेला योगायोगातून सोडवून नियम बनवणे, रोज दुपारी ठरल्या वेळी, कोणीही न मागता, भात आणि सांबार पानात पडणे, हे त्या पेजेचे सर्वांत प्रामाणिक ऋणफेड होते. १९८९ साली त्यात पंधरवड्यातून एकदा अंडे आले, पुढे अंड्यांची संख्या वाढली. २०२२ साली प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू झाली. तिकडे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेतले शिजवलेले जेवण साऱ्या देशात मुलांचा हक्क केले.

येथे थांबता आले असते तर बरे होते. परंतु शाळा असो वा बालवाडी, पंगतीला बसणारे मूल किमान चालू शकणारे असते. अतितीव्र कुपोषणाचा घाव बहुधा त्याआधीच, आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत बसतो. १९३० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या अक्रा येथे काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी, दुसरे मूल आल्यावर अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा एक आजार नोंदवला आणि १९३५ साली त्याला तिथल्या गा भाषेतलेच नाव दिले : क्वाशिओरकोर. धाकटे आल्यावर थोरल्याला होणारे दुखणे, असा त्याचा आशय. ज्या समाजाने या दुखण्याला नाव ठेवले, त्याने ते पाहिले होते. आणि आईने काही दुष्टपणाने मुलाला दूर केले नव्हते. कुपोषित मुलाच्या आईला दोष देण्याची आपली सवय जुनी आहे : तिला कळत नाही, ती स्वच्छता पाळत नाही, ती लवकर कामावर जाते. अल्पवयात लग्न झालेली, स्वतःच रक्तहीन, मजुरीसाठी वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडावर गेलेली मुलगी लवकर कामावर जाते हे खरेच. परंतु ते आरोपपत्रात लिहिण्याचे वाक्य नव्हे.

१९८० साली तामिळनाडूत सुरू झालेल्या एकात्मिक पोषण प्रकल्पाने ही उणीव ओळखली होती. गावातल्याच स्त्रीने सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांचे दर महिन्याला वजन करायचे, ज्याची वाढ अडखळली आहे त्याला निवडून पूरक आहार द्यायचा आणि सुधारले की थांबवायचा. आज वजनकाट्याच्या जोडीला दंडाचा घेर मोजणारी पट्टी आली आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, की ते मूल अतितीव्र कुपोषित मानतात. ही पट्टी मला नीतिविचारातील एक मोठी वस्तू वाटते. मूल जे सांगू शकत नाही ते ती सांगते. छत्राच्या घंटेने जे साधले नाही, ते घरोघरी जाणाऱ्या या पट्टीला साधता येते.

साधता येते, साधतेच असे नव्हे. १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे आणि १९९३ साली अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आदिवासी मुलांचे मृत्यू बाहेर आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. मग वाद सुरू झाला तो मृत्यूच्या कारणाचा. हे कुपोषणाने मेले की न्यूमोनियाने, हगवणीने? वैद्यकाच्या दृष्टीने प्रश्न गैर नाही; परंतु सुदृढ मूल ज्या हगवणीतून उठते, तिच्यात कुपोषित मूल जाते, हेही वैद्यकच सांगते. कारणाचा रकाना बदलल्याने जबाबदारीचा रकाना रिकामा होत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांतून जन्म आणि मृत्यू मोजायला सुरुवात केली. पुढे 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवले, की राज्यात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. म्हणजे मुले मरत होती आणि वहीत जिवंत होती, किंवा वहीत जन्मलीच नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील अतितीव्र कृश मुलांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे ११ टक्के आढळले, तामिळनाडूत साडेपाच. तामिळनाडूनेही समाधान मानावे असा हा आकडा नाही. परंतु श्रीमंत म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला त्यात विचारलेला प्रश्न टाळता येणार नाही.

इतर देशांकडे पाहिले तर हीच गोष्ट अधिक क्रूर रूपात दिसते. २०११ च्या जुलैत सोमालियात दुष्काळ जाहीर झाला. अशा घोषणेला ठरावीक निकष असतात : तीव्र कुपोषणाचे प्रमाण अमुक, रोजचे मृत्यू दहा हजारांमागे तमुक. निकष हवेतच, परंतु ते पूर्ण होतात तोवर मुले मेलेली असतात. त्या संकटात सुमारे दोन लाख अठ्ठावन्न हजार माणसे दगावली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती, असा अंदाज नंतर मांडण्यात आला. २०२४ साली सुदानमधील झमझम छावणीत आणि २०२५ साली गाझात दुष्काळ असल्याचे जाहीर झाले, तेव्हा पावसाला बोल लावण्याचीही सोय नव्हती. अन्न थोड्या अंतरावर होते आणि वाट माणसांनी अडवलेली होती. तेथे मोजणाऱ्यांनी मोजले होते, पट्टी तांबडी झाली होती, जगाने आकडे वाचले होते. हूपरच्या छायाचित्रांपुढे पडलेला प्रश्न पुन्हा आपल्यापुढे येऊन उभा राहिला.

तेव्हा केवळ पाहणे पुरत नाही, हे कबूल केले पाहिजे. मोजणी हे काही न करण्याचे सोयीस्कर निमित्तही होऊ शकते. मोजून वही मिटली, की कर्तव्य झाल्याचे समाधान मिळते. माझे म्हणणे एवढेच, की न मागणाऱ्याचे देणे दोन भागांचे आहे आणि दोन्ही भाग एकाच हातांनी फेडायचे आहेत. शोधणे हा त्याचा पहिला भाग; आणि शोधले की बांधले जाणे हा दुसरा. ज्याला आपण मोजले, त्याच्याविषयी 'मला ठाऊक नव्हते' हे म्हणण्याचा अधिकार आपण गमावलेला असतो. दया मनात येईल तेव्हा येते, हक्क कोणी सांगेल तेव्हा जागा होतो. हे देणे मात्र धनको गप्प असतानाही चालू राहते. आपल्या परंपरेतला ऋण हा शब्दच मला त्याला जवळचा वाटतो. ऋण घेतल्याचे आठवत नसले तरी ते असते. कारण आपल्यापैकी प्रत्येकाला, बोलता येत नव्हते तेव्हा, कोणीतरी भरवले आहे.

मागच्या आठवड्यात घराजवळच्या अंगणवाडीवरून जात होतो. वजनाचा दिवस होता. दाराशी चपलांचा ढीग, आत मुलांचा कल्ला. मुले जिला 'टीचर' म्हणतात ती बाई एकेकाला काट्यावर ठेवत होती आणि प्रत्येक मूल गळा काढून रडत होते. काट्याचा गार स्पर्श त्यांना आवडत नसावा. एक मूल मात्र निमूटपणे बसून राहिले. इतर आयांना कौतुक वाटले. किती शहाणा आहे, असे कोणीतरी तमिळमध्ये म्हणालेही. टीचरने मात्र त्याच्याकडे पुन्हा पाहिले, वहीतला मागच्या महिन्याचा आकडा काढला, आणि त्याच्या आईला बाजूला बसायला सांगितले.